हौसाबाईची अडीचकी

रंगरावाला डायनामोची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती रजिस्टराची. वाशीम स्टेशनाजवळच्या, कापसातली सरकी काढायच्या जिनात दिव्यांसाठी डायनामो होता आणि तो सांभाळायला रंगराव. तेल, पट्टा, ब्रश सगळं त्याच्या हातचं. पण रजिस्टरात रोज चार आकडे लागत: व्होल्ट किती, अँपिअर किती, आणि त्यावरून कॉईलचे ओहम किती नि वॅट किती. पहिले दोन मीटरवर दिसत. पुढचे दोन काढावे लागत, आणि तिथं रंगरावाचं घोडं पेंड खाई.

ते घोडं चार हंगाम हाकललं त्याच्या बायकोनं, हौसाबाईनं. बाई माळ्याची लेक. अक्षरओळख नाही, पण बाजारात वांगी-मेथी तोलून तोलून पावकी, सवायकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. रंगराव संध्याकाळी मीटरवरचे आकडे चिठ्ठीवर आणी आणि सकाळी चुलीपुढं बसून वाचून दाखवी. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "होल्ट म्हंजे काय जी?"

"मोटीचा जोर समज. अन् अँपिअर म्हंजे पाटातली धार."

"मंग पाटात हराळी माजली का धार बारीक होते, तो तुमचा ओहम?"

रंगराव तिच्या तोंडाकडं बघतच राहिला. एवढंच कळायला त्याला स्वतःला पंधरा दिवस लागले होते, पण हे त्यानं तिला जन्मात सांगितलं नाही.

जोराला धारेनं भागलं की ओहम, गुणलं की वॅट. एवढं कानावर पडलं नि बाई सुटली. एकशेदहा व्होल्ट, अडीच अँपिअर म्हटलं की काठवटीत थाप पडे: "चाळीस अडीचे शंभर, चार अडीचे दहा. चव्वेचाळीस लिहा." भाकरी उलटली की, "एकशेदहा दुने दोनशे वीस, निम्मे पंचावन्न. पावणेतीनशे." भाकरी फुगेपर्यंत चिठ्ठी भरलेली असे. मग रंगराव जिनात जाऊन ते आकडे ऐटीत रजिस्टरात उतरवी. काय सकाळी होत्या त्या! धुराचा वास, तिच्या बांगड्यांचा आवाज आणि मध्येच, "कालच्यापेक्षा ओहम वाढला जी, कॉईल तापून राह्यली का?" अशी साहेबी चौकशी.

कार्तिकात हंगाम सुरू झाला आणि चार दिवसांच्या तापात हौसाबाई गेली. रंगराव मीटर वाचत राहिला, पण पुढचे दोन रकाने कोरे पडू लागले. पौषात अकोल्याहून मोहनसिंग नावाचे नवे इंजिनिअर आले. त्यांनी सगळ्यात आधी रजिस्टरच उघडलं.

"चार वर्षं एक आकडा चुकला नाही," ते म्हणाले, "अन् कार्तिकापासून कोरं. काहून?"

रंगराव हाताचं तेल फडक्याला पुसू लागला.

"दुसऱ्याकडून भरून घेत होता काय? अरे, कॉईल खराब होऊन राह्यली हे याच रकान्यात दिसते. आजूबाजूले कापसाच्या गंज्या, अन् डायनामोजवळ हिशेब न येणारा माणूस? मले नाही चालत. आजचा काढून दाखव. नाही जमला त उद्यापासून बोजे उचल."

एकशेआठ व्होल्ट, सव्वादोन अँपिअर. रंगरावानं मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. बोजे उचलायला तो भीत नव्हता. पण डायनामो सुटला की रजिस्टर सुटणार, आणि त्या सकाळींचं दुसरं काहीच त्याच्यापाशी उरलं नव्हतं. त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि डोळे मिटले.

जरा वेळानं त्याचा हात आपोआप मांडीवर पडू लागला. थाप, थाप, थाप.

"चाळीस सव्वादोने नव्वद," तो पुटपुटला. "आठ सव्वादोने अठरा. झाले एकशेआठ. अठ्ठेचाळीस ओहम." मग भाकरी उलटावी तसा त्यानं हात उलटा केला. "एकशेआठ दुने दोनशे सोळा, पाव सत्तावीस. दोनशे त्रेचाळीस वॅट."

मोहनसिंगांनी कागदावर भागून, गुणून पाहिलं. "बराबर हाय," ते म्हणाले. "कोठी शिकला?"

"घरी."

"मंग बाकीचेही भर. माझ्यासमोर."

रंगराव आजपासून मागं मागं भरत गेला. इंजिनवाला लांबून बघून हसला, की हा मांडी कशापायी बडवतो. रंगरावाला त्याचं काही नव्हतं. किती दिवसांनी तिचा आवाज कानात होता, त्याला तो थांबवायचाच नव्हता. दुपार कलली तेव्हा तो कार्तिकातल्या पहिल्या अपुऱ्या ओळीशी आला आणि थांबला. त्या ओळीत ओहम लिहिलेले होते, चव्वेचाळीस. वॅटचा रकाना रिकामा होता.

"एकच त राह्यला," मोहनसिंग म्हणाले. "एकशेदहा, अडीच. सोपा हाय. पावणेतीनशे."

"माहीत हाय साहेब." रंगरावानं रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "त्या दिवशी घरवालीले लय ताप होता. मी नाही म्हणलं तरी अंथरुणातून चिठ्ठी वाचाले लावली. चव्वेचाळीस सांगतलं अन् म्हणे, वॅट मांगून सांगतो जी, आता बोलवत नाही."

मोहनसिंगांनी आधीची चार वर्षांची पानं एकदा सावकाश उलटून पाहिली. मग त्यांनी पानाखाली सही केली आणि रजिस्टर रंगरावाच्या हातात दिलं. तो रकाना तसाच राहिला.