अक्षय साखळी आणि देऊळघाटची लाईट

देऊळघाटच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी दाराशी चपलांचा ढीग लग्नासारखाच होता. आत खुर्च्या पुरल्या नाहीत, सतरंज्या पुरल्या नाहीत, बायका खिडक्यांत चढून बसल्या. व्यासपीठावर भला मोठा पडदा आणि पडद्यावर एकच आकडा, 'अक्षय साखळी' नावाच्या डिजिटल नाण्याचा रुपयांतला भाव. राजकुमार महाराजांनी डोळे मिटले, हात वर केला.

"बोला, अक्षय साखळी की..."

"जय!"

आकडा हलला. अडतीसचा एकोणचाळीस झाला, एकोणचाळीसचा चाळीस. सगळ्यांच्या मोबाइलवर, एकाच वेळी. माझ्या शेजारच्या सोजराबाईंनी तर मोबाइल कपाळाला लावला.

"भक्तहो," महाराज म्हणाले, "जगात अशा ब्लॉकचेन, म्हंजे नोंदींच्या साखळ्या, लय आहेत. पण त्या बुढ्या बैलासारख्या. सावकाश चालतात अन् दर नोंदीमागं दक्षिणा मागतात! आपली साखळी? फुकट! अन् इजेसारखी चपळ! आजचं बाजारमूल्य चारशे कोटी. पाहता पाहता ही त्या बुढ्यांले मागं टाकते. अन् सुरक्षा? जगभर हजार कॉम्प्युटर पहारा देऊन राह्यले. इथं एकदा लिवलं, थे ब्रह्मदेवालेही खोडता येत नाही!"

टाळ्यांनी पत्रे हादरले. माझ्या मांडीवरची पायल मात्र माझ्या बांगडीशी खेळत राहिली. माझी लेक दोन वर्षांची आहे आणि तिला ऐकू येत नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, कानाच्या ऑपरेशनला उशीर करू नका, वय निघून गेलं की बोलणं शिकणं अवघड. त्या ऑपरेशनचे, एका कानापुरते, पैसे माझ्या नवऱ्याच्या, सागरच्या खात्यात होते, आणि नाणी घ्यायला सागरचं बोट मोबाइलवर होतं.

"टाक रे, काय पाह्यतं?" सासूबाई त्याला म्हणाल्या. "महिन्यात दुप्पट होते. दोन्ही कान होऊन जातीन लेकराचे."

मी बुलडाण्याला बी.एस्सी. केलं, संगणक विषय घेऊन. लग्नानंतर त्या शिक्षणाचा उपयोग म्हणजे घरादाराचे पासवर्ड लक्षात ठेवणं. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. गुरुवारी दुपारी गावची लाईट गेली, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर ही साखळी थांबली होती. नेट चालू होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांचे फोटो येतच होते. लाईट आली, साखळी आली. पहारेकरी जपान-जर्मनीत, आणि जेवणाची सुट्टी आमच्या महावितरणच्या वेळेनुसार? महाराज तेव्हा देऊळघाटलाच मुक्कामाला होते.

"अहो, थांबा जरा," मी सागरला म्हटलं. "मी एक विचारते, मग टाका."

"एवढ्या लोकांत?"

"काऊन वं, पोरीच्या नशिबाले आडवी येतं?" सासूबाई पुटपुटल्या. तोवर मी उभी राहिले होते.

"महाराज, इथली लाईट गेली तर साखळी थांबेल का हो?"

हॉल हसला. महाराज सगळ्यात जास्त हसले. "ताई, सूर्य विझला तरी साखळी चालते!"

"मग मेन स्विच पाडून पाहू?"

हसणं अर्ध्यावर राहिलं. "परीक्षा पाहता? देवाची?" महाराजांचा आवाज चढला. कार्यालय सांभाळणारे गोपाळभाऊ दाराशीच होते, पण त्यांनी हात मागे बांधले. "मी नाई पाडत बुवा. मले अजून लग्नाचा सीझन काढाचा आहे." तेव्हा पायलला कडेवर घेऊन मीच गेले आणि खटका ओढला.

पंखे थांबले. पडदा गेला. क्षणभर नुसता घामाचा वास. मग एकेकाचे आवाज:

"माह्या मोबाइलवर साखळी दिसत नाई."

"माह्याही नाई. व्हॉट्सअ‍ॅप त चालू हाये न बे!"

आणि व्यासपीठामागून महाराजांच्या भाच्याचा, अविनाशचा, घाबराघुबरा आवाज आला, "मामा, कॉम्प्युटर बंद पडला!"

मी खटका वर केला. लोक तोवर व्यासपीठामागे पोचले होते. भगव्या कापडाखाली एक कॉम्प्युटर होता. जगभरचे हजार पहारेकरी त्या एका डब्यात दाटीवाटीनं राहत होते. अविनाशनं घाईघाईत सकाळी जपून ठेवलेली प्रत उघडून साखळी पुन्हा सुरू केली, आणि सोजराबाईंनी किंकाळी फोडली.

"माह्ये नाणे! आत्ता जेवणाच्या वक्ती घेतलते! कोठी गेले?"

"माई, रडू नका," महाराज म्हणाले. "अविनाश, लिव माईचे परत."

अविनाशनं टाइप केलं. नाणी आली. सोजराबाई हात जोडणार, तेवढ्यात माझे सासरे, रामराव, पुढे सरले.

"थांबा सोजराबाई. ब्रह्मदेवाले खोडता येत नाही थे लाईटनं खोडलं, अन् ह्या पोट्ट्यानं दोन बोटांनी परत लिवलं. मंग उद्या ह्यानं माह्यं खोडलं त?"

"तेच तर, मामाजी," मी म्हटलं. "आपण मक्याला रात्रीची जागल करतो. दहा शेतांचे दहा जण जागे असले तर चोर दहाजणांना कसा फोडणार? इथं जागलीला एकच माणूस, आणि कणसंही त्याच्याच पोत्यात."

"अन् थे चारशे कोटी?" सासऱ्यांनी विचारलं.

मी अविनाशला विचारलं, "चाळीसचा सौदा कोणी केला?"

त्यानं मामाकडे पाहिलं. "मी. मामापासून एक नाणं घेतलं."

"आणि नाणी एकूण किती?"

"दहा कोटी."

"मामाजी, बाजार समितीत मुहूर्ताच्या कापसाला काय भाव देतात?"

सासऱ्यांना आधी हसू आलं, मग राग. "नारळ फोडून, शेला घालून, फोटोपुरता! दुसऱ्या गाडीले कोण देते थो भाव?"

"ह्यांनी तो मुहूर्ताचा भाव साऱ्या जिल्ह्याच्या कापसाला लावला आणि त्याला बाजारमूल्य म्हटलं."

सोजराबाईंना आता सगळं समजलं. "चाळीस नको महाराज, वीसनं घ्या माह्ये. दहानं घ्या."

"विक्रीचा योग पौर्णिमेनंतर..." महाराज म्हणाले. त्यापुढचं कोणाला ऐकू गेलं नाही. गोपाळभाऊंनी दार लावून घेतलं, आणि लोकांचे पैसे परत पाठवून होईपर्यंत महाराजांना चहासुद्धा मिळाला नाही. तरी एका मुलानं मला हळूच विचारलंच, "ताई, म्हंजे भाव आता पडन का?"

सागरनं मोबाइल खिशात टाकला. सासूबाई पायलला माझ्याकडून घेत म्हणाल्या, "एक कान त एक कान. सोमवारीच जाऊ दवाखान्यात."

मला एवढंच सांगायचंय. ज्या साखळ्यांना महाराज बुढे बैल म्हणाले, त्या दक्षिणा मागतात, कारण पहारेकऱ्यांना मजुरी द्यावी लागते. ती मजुरी त्याच साखळीच्या नाण्यात असते. नाण्याला मोल असलं की राखणीला माणसं येतात. राखण एवढी वाढते की चोरीचा खर्च चोरीच्या मालापेक्षा जास्त होतो, म्हणून लोक भरवसा ठेवतात आणि मोल टिकतं. नाणं कवडीमोल झालं की हे चाक उलटं फिरतं, राखणदार निघून जातात. साखळ्यांची खरी चढाओढ ही आहे, गजराची नव्हे. आणि राखण चोख असली तरी भाव कोसळू शकतो. म्हणून मोठ्या साखळीचंही नाणं घ्या, असं मी कोणाला सांगणार नाही.

नमस्कार करायचा तर खुशाल करा. पण पैसे पाठवण्याआधी विचारा, ह्याची राखण कोण करतं, आणि आज विकायला काढलं तर घेणारा कोण. प्रश्न ऐकून समोरचा चिडला, तर उत्तर मिळालं असं समजा आणि घरी जा.