धाकट्याची खाट

"जरा आडवी धरा, चौकट खरवडेल!" ताई ओरडली, तोवर खरवडलीच होती. हमालांनी खाट इस्त्रीच्या टेबलामागे कशीबशी कोंबली. मागोमाग तिचा धाकटा भाऊ चार शर्ट आणि चपलांचा जोड घेऊन आत आला.

"उद्या चौकशीला साहेब येतील. मी इथेच राहतो म्हणून सांग. एवढंच."

एवढंच! वॉर्डातून निवडून येणारा वॉर्डातच राहणारा हवा, असा तिथला नियम होता. धाकट्याने अर्जात ताईचा पत्ता ठोकून दिला, निवडून आला आणि टेकडीपलीकडच्या बंगल्यात खुशाल राहिला. इकडे गटार तुंबलं की लोक ताईच्या दारात. "नगरसेवक आहेत का घरात?" ती खाली मान घालून इस्त्री फिरवत राही. शेवटी गल्लीने हरकत घेतली.

"त्या हरकतीवर पहिली सही माझी आहे," ताई म्हणाली.

धाकटा हसला. "केली असशील रागाच्या भरात. पण साहेबांसमोर नाही बोलणार तू. आई गेल्यावर तूच वाढवलंस मला."

"वाढवलं ना? मग बोलणार."

त्याला ते खरं वाटलं नाही. लहानपणी त्याच्या किती खोड्या तिने पोटात घातल्या होत्या!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी खाट पाहिली, शर्ट पाहिले. दारात अख्खी गल्ली जमली होती. "हे इथे राहतात?"

"खाट काल आली, साहेब. माणूस अजून यायचाय."

लोक खो खो हसले. धाकट्याचा चेहरा पार उतरला. तसा तो लहानपणी उतरला की ती त्याला जवळ घ्यायची. आज मात्र तिने शब्द काही मागे घेतला नाही.

त्याचं पद गेलं. खाट न्यायला हमालच आले, तो आला नाही. चपला मात्र टेबलाखाली राहून गेल्या.

"देऊ का पोचवून?" हमालाने विचारलं.

"राहू दे. आला कधी तर लागतील." तिने त्या पुसल्या आणि दाराशी आपल्या चपलांशेजारी ठेवल्या.

संध्याकाळी कपडे न्यायला आलेली शेजारीण उंबऱ्यातच थबकली. "भाऊ आलाय वाटतं?"

"नाही," ताई म्हणाली. या वेळी तिने मान खाली घातली नाही.