भामाच्या पोरीचं वय

हौसाने शेटजींच्या घरातली चांदीची वाटी घेतली होती, आणि विचारताच कबूलही केलं होतं. तेव्हा पनवेलच्या चौकीत चोरीचा वाद उरलाच नव्हता. वाद होता वयाचा.

जेरुशा मुंबईला कायदा शिकत होती. मुलांच्या कोर्टात काम करायचं, हे तिने केव्हाच ठरवलं होतं. सुट्टीत घरी आली होती. शेजारच्या पोरीला धरून नेल्याचं कळताच ती धावत आली. पण त्याआधीच भामा, म्हणजे हौसाची आई, सांगून बसली होती की पोरीला सोळा पूर्ण झाली.

जेरुशा म्हणाली, तेरा. हौसाला पाळण्यात घातलं तेव्हा ती स्वतः मराठी तिसरीत होती.

"जन्म आईने दिला, बाई," फौजदार म्हणाले. "आणि तुम्हाला सनद मिळायची आहे अजून."

सोळा म्हणजे मोठ्यांचा खटला: आज जामिनावर घरी, पण शिक्षा झाली की अलिबागचा तुरुंग. त्याखाली असेल तर बालगृह आणि शाळा.

जेरुशाने भामाला बाजूला घेतलं, तेव्हा खरं कारण कळलं. हौसाचं लग्न जासईच्या बुधाजीच्या मुलाशी ठरलं होतं. लहान पोरीचं लग्न लावलं तर आईबापांना धरतात, कायद्यातलं एवढंच भामाने ऐकलं होतं. म्हणून पोलीस दिसताच तिने वय वाढवलं होतं.

बुधाजी जामीन राहायला आला होता. तो दारातूनच म्हणाला, "कागदावर तेरा लागली तं यंदा लगीन नाय. मी थांबनार नाय."

फौजदारांनी टाक दौतीत बुडवला.

सगळं नीट होईल, असं सांगून टाकणं सोपं होतं. जेरुशाच्या ते ओठांवर आलंही.

"मावशी," ती म्हणाली, "लग्न अजून झालं नाही, तुम्हाला कुणी धरणार नाही. पण खरं बोललात तर सोयरीक मोडेल. जामीनही जाईल. हौसा आज घरी येणार नाही."

गजांना धरून हौसा आईच्या तोंडाकडे बघत होती. भामा फौजदारांच्या मेजापाशी गेली.

"तेरा, सायेब. मी खोटा बोल्ली."

बुधाजीने छत्री उचलली आणि तो पायऱ्या उतरून गेला.

"तिकडं पोरीला मारनार नाय ना, बाय?" भामाने विचारलं.

जेरुशाने बालगृहाचे नियम पाठ केले होते. बालगृह पाहिलं नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "सकाळी मी तिच्याबरोबर जाते."