मरणाची रंगीत तालीम

सुट्टीच्या सकाळी दुसरा चहा घेता घेता लिफ्टवाले बायकोला, म्हणजे मावशींना, म्हणाले, "अगं, उद्यापासून मी मेलो असं समज."

मावशींच्या हातातली लोण्याची सुरी टोस्टवरच थांबली. "तुमच्या जिभेला काही हाड आहे की नाही?"

"शिव्या नंतर घाल, आधी ऐक. महिनाभर मी या घरात नाही. बिलं, बँक, घरमालक, सगळं तू बघायचंस. मी एक शब्द बोलणार नाही. अडलीस तर अडलीस."

"आणि जेवायला?"

"जेवायला येईन," लिफ्टवाले म्हणाले.

नोकरीसाठी परदेशात येऊन त्यांचं अर्धं आयुष्य सरलं होतं. ते एका कंपनीत उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणून ओळखीपाळखीत सगळ्यांचे लिफ्टवाले. आणि त्यांची बायको घरबसल्या लोकांचे कपडे उसवून, आवळून, सैल करून द्यायची, म्हणून सगळ्यांची मावशी. मूलबाळ नव्हतं. बाहेरचं सगळं ते बघायचे, घरातलं सगळं त्या, आणि या वाटणीबद्दल दोघांची कधी तक्रार नव्हती.

पण डॉक्टरांनी लिफ्टवाल्यांच्या हृदयाची एक झडप बदलायला काढली होती. पुढच्या महिन्यात छाती उघडायची होती. बहुतेक सगळं नीट होईल, डॉक्टर म्हणाले होते. त्या 'बहुतेक'नेच लिफ्टवाल्यांची झोप उडवली. 'बहुतेक' थांबते अशा लिफ्टमध्ये त्यांनी जन्मात कुणाला पाय ठेवू दिला नव्हता.

त्यात वायरमनचं प्रकरण ताजं होतं. त्यांच्याच कंपनीतला हा धडधाकट माणूस गेल्या वर्षी कामावर कोसळला तो उठलाच नाही. बातमी बँकेत पोचली आणि खातं बंद झालं. त्याच्या बायकोला त्याच्या फोनचा पासवर्डसुद्धा ठाऊक नव्हता. तिचा राहण्याचा परवाना नवऱ्याच्या नोकरीला टांगलेला, तोही गेला. शेवटी कंपनीतल्या लोकांनी वर्गणी काढून तिला विमानात बसवलं. विमानतळावर तिला सोडायला लिफ्टवालेच गेले होते. घरी आल्यावर ते कितीतरी वेळ बूट न काढता बसून राहिले होते.

म्हणून ही तालीम.

पहिल्याच दिवशी नळाचं गरम पाणी गेलं.

"अहो, ऐकलंत का? पाणी गार येतंय."

ऑपरेशनपर्यंत रजेवर असलेले लिफ्टवाले सोफ्यावर शब्दकोडं सोडवत होते. त्यांनी पेन्सिल छताकडे दाखवली. म्हणजे मी वर आहे.

मावशींनी उशी फेकून मारली, चपला घातल्या आणि खाली इमारतीच्या ऑफिसात गेल्या. तिथला मॅनेजर फोनवरून मान वर न करताच म्हणाला, "घर ज्यांच्या नावावर आहे त्यांना पाठवा."

"ते नाहीत."

"मग आल्यावर पाठवा."

"येणार नाहीत," मावशी म्हणाल्या.

मॅनेजरने फोन ठेवला. उठून खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. तुम्ही घरी पोचायच्या आत प्लंबर पोचेल, असं म्हणाला. मावशी ऑफिसातून ताठ बाहेर पडल्या. जिन्यात मात्र कठडा धरून त्या पायरीवर बसल्या. तोंडाला पदर लावून ढसाढसा रडल्या. मग त्यांना स्वतःचाच असा राग आला! जो माणूस वर पाय पसरून 'आडवे शब्द' शोधतोय, त्याच्यासाठी आपण इथे डोळे गाळतोय? त्यांनी तोंड पुसलं आणि वर गेल्या.

"मृतात्म्याला चहा मिळेल का?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"मेलेल्यांना चहा नसतो," मावशी म्हणाल्या, आणि स्वतःपुरताच टाकला.

त्या चहापासून तालमीचा रंग बदलला. आतापर्यंत नवऱ्याचा हट्ट म्हणून चाललं होतं, आता मावशींनाच इरेला पेटल्यासारखं झालं.

त्या बँकेत गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा एकट्या. आरशासारख्या फरशीवरून चालताना चपला वाजतात याची त्यांना लाज वाटली, मग वाजल्या तर वाजू देत म्हणाल्या. काउंटरवरची मुलगी हसतमुख होती. मावशींनी आडवळण न घेता विचारलं, "समजा माझा नवरा गेला. मग आमच्या पैशांचं काय?"

मुलीचं हसू जरा आवरलं. "खातं दोघांच्या नावावर आहे ना? तरी ते थांबतं. कोर्टाचा कागद येईपर्यंत कुणालाच काढता येत नाहीत."

"माझं नाव असून?"

"तुमचं नाव असून."

"कागद कधी येतो?"

"कुणाचा लवकर येतो, कुणाचा फार उशिरा."

"आणि तोवर मी काय खायचं? हे सोफे?"

मुलगी बिचारी गोंधळली. मग पुढे झुकून हळूच म्हणाली, "ताई, स्वतःचं वेगळं खातं काढा. त्याला कुणी हात लावत नाही. पण त्यासाठी तुमची स्वतःची कमाई दाखवावी लागेल. नोकरी, धंदा, काहीतरी."

कमाई तर होती. पण ती सगळी घरातल्या डब्यात, परवान्याशिवाय, म्हणजे कागदावर मावशी काहीच करत नव्हत्या. एवढी वर्षं इतक्या पँटी आवळल्या, आणि सरकारदरबारी रिकामटेकडी!

बँकेतून त्या थेट कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेल्या. लाँड्री चालवणारी बाई तिसऱ्याच कुठल्या तरी देशातली, अंगाने दांडगी, आवाजाने त्याहून. गेली दोन-तीन वर्षं ती मावशींच्या मागे लागली होती की माझ्या दुकानाची पुढची बाजू रिकामी आहे, मशीन घेऊन ये, भागीदारी करू, परवान्यावर तुझं नाव घालते. प्रत्येक वेळी लिफ्टवाल्यांनी मोडता घातला होता. 'माझी बायको दुकानात बसून परक्यांच्या कमरा मोजणार नाही,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

"नवरा हो म्हणाला?" लाँड्रीवालीने विचारलं.

"त्याला विचारायचा प्रश्न आता उरला नाही."

लाँड्रीवालीने इस्त्री बाजूला ठेवून मावशींना छातीशी धरलं. तिचा गैरसमज दूर करायला बराच वेळ गेला. खरं काय ते कळल्यावर ती वाफेच्या मशीनला टेकून इतकी हसली की गिऱ्हाईकं आत डोकावली. मग डोळे पुसत म्हणाली, "परवान्यावर नाव आलं की राहण्याचा कागदही तुझा स्वतःचा होतो. नवऱ्याच्या शेपटाला बांधलेला नाही. हे तरी ठाऊक आहे का तुला?"

मावशींना ठाऊक नव्हतं. त्यांनी ते तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं मात्र, लिफ्टवाले खाडकन जिवंत झाले.

"हे चालणार नाही! दुकानबिकान काही नाही. मी सगळं ठरवून ठेवलंय."

"काय ठरवलंय?"

"ते तुला कशाला? तुझी सोय झालेली आहे."

आणि नेमका तेव्हाच मावशींच्या धाकट्या दिराचा फोन आला. ऑपरेशनचं कळल्यापासून तो रोज फोन करायचा. मनाचा वाईट नव्हता, पण बोलणं कुठे थांबवावं हे त्याला जन्मात कळलं नव्हतं. आज त्याने फोन वहिनींकडे द्यायला सांगितला.

"वहिनी, तुम्ही बिलकूल काळजी करू नका. दादाने विम्याला माझं नाव लावलंय, पैसा सुरक्षित राहील. तुमच्यासाठी मागची खोली रंगवूनसुद्धा घेतली. फिकट हिरवा दिलाय. शांत वाटतो."

मावशींनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. माणूस समोर सोफ्यावर बसून श्वास घेतोय, आणि तिकडे त्याच्या विधवेच्या खोलीचा रंग वाळतोय.

"भावोजी," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "खोली छानच झाली असेल. तिथे तुमची मोटारसायकल लावा. पावसात भिजते म्हणत होतात ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी येणार नाही. चार दिवस पाहुणी म्हणून येईन, आनंदाने येईन. पण कायमची येणार नाही. आणि विम्याचं नाव बदलायला दादा उद्या जाताहेत."

फोन ठेवला तेव्हा लिफ्टवाले उभे राहिले होते. चेहरा लाल, एक हात छातीवर.

"मी जाणार नाही उद्या कुठे! इथे एकटी राहशील? भाषा धड येत नाही, कोण तुझं इथे? व्यवहार तुला जमणार आहे? तुझ्यासाठीच केलं ना सगळं?"

"बसा आधी. छातीवरचा हात काढा, मी घाबरणार नाही." मावशींनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. "विम्याला भावाचं नाव लावताना मला एका शब्दाने विचारलंत?"

"तुला त्यातलं काय कळतं?"

"तुम्ही सांगितलंत कधी? बावीस वर्षं मी पाठीमागे उभी आणि तुम्ही पुढे. मला तुमची पाठ तेवढी दिसली! तिकडे मी कोण असणार? भावोजींच्या घरातली मागच्या खोलीतली बाई. भाजी आणायची झाली तरी पैसे मागायचे, आणि मागितल्यावर 'कशाला' म्हणून सांगायचं. तुम्ही माझी सोय नाही केलीत. माझी विल्हेवाट लावलीत!"

लिफ्टवाल्यांनी तोंड उघडलं.

"बोलू नका," मावशी म्हणाल्या. "तुम्हीच ठरवलंत. तुम्ही मेलाहात. मेलेल्या माणसाला मत नसतं."

संध्याकाळ झाली. लिफ्टवाले खिडकीशी बसून समोरच्या इमारतीकडे बघत राहिले. मावशींनी मशीन उघडून कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवलं आणि नको तिथेही उसवलं. जेवताना लिफ्टवाले ताटाकडे बघत म्हणाले, "वायरमनची बायको विमानतळावर मला म्हणाली होती, मला न विचारताच पाठवताय हो. मी म्हटलं, वहिनी, तुमच्या भल्यासाठीच."

मावशींनी त्यांना भात वाढला.

"मला वाटलं होतं, तिला पैसे नव्हते म्हणून ती तसं म्हणाली," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि न सांगता दाराशी जाऊन उभे राहिले. विम्याच्या ऑफिसात, मग त्यांच्या कंपनीत, मग परवान्याच्या कचेरीत, असे ते दोघं आठवडाभर हिंडले. पण या वेळी लिफ्टवाले एक पाऊल मागे राहायचे. मावशी अडखळल्या की लिफ्टवाल्यांचे ओठ हलायचे, ते घसा खाकरायचे, पण शब्द गिळून टाकायचे. एका कारकुनाने मावशींना डावलून प्रश्न त्यांना विचारला, तेव्हा ते म्हणाले, "मला काय विचारता? मालकीण त्या आहेत." आणि असे काही छाती फुगवून बसले, जणू ही सगळी कल्पना मुळात त्यांचीच.

ऑपरेशन झालं. 'बहुतेक' त्यांच्या बाजूने पडलं. ते आणखी पाच वर्षं जगले, आणि त्या पाच वर्षांत मावशींच्या दुकानाच्या पाटीपासून पायमशीनच्या पट्ट्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत त्यांनी नाक खुपसलं. परक्यांच्या कमरा ते स्वतःच मोजू लागले, आणि चुकीच्या मोजू लागले. मावशी त्यांना हाकलायच्या, ते संध्याकाळी परत यायचे.

मग एका दुपारी कामावरून फोन आला. लिफ्टच्या मशीनखोलीत, खुर्चीवर बसल्या बसल्या ते गेले होते. हातात डबा होता. त्रास झालाच नसेल, असं सगळे म्हणत होते. मावशींना ते ऐकवेना. तालीम कितीही झाली तरी रडायचं ते उरलंच होतं. त्या रात्री त्यांनी नवऱ्याच्या अंगावरचा काढून ठेवलेला स्वेटर उलटसुलट करून पाहिला, कुठे काही उसवलंय का म्हणून. कुठेच काही उसवलं नव्हतं.

दोघांचं खातं बंद झालं. मावशींचं चालू राहिलं. घरभाडं वेळेवर गेलं, विम्याचं पत्र मावशींच्या नावाने आलं, आणि देशात राहण्याच्या त्यांच्या कागदाला कुणी बोट लावलं नाही. दीर मात्र धावत आला. खिशात मावशींचं एकेरी तिकीट घेऊनच.

"वहिनी, हट्ट सोडा. लोक आम्हाला नावं ठेवतील. म्हणतील, भावाच्या बायकोला टाकलं."

"त्यांना माझा फोन नंबर द्या," मावशी म्हणाल्या. "कुणी कुणाला टाकलं ते मी सांगते."

दिराला हसावं की रागवावं कळेना. तो खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. दादाच्या आठवणीने, की आणलेलं तिकीट वाया गेलं म्हणून, देव जाणे. मावशींनी त्याच्या पाठीवर हात फिरवला. चार दिवस त्याला ठेवून घेतलं, पोटभर जेवू घातलं, दादा काम करायचा त्या इमारती बाहेरून दाखवल्या. त्याच्या पँटीची फाटलेली मुडपसुद्धा शिवून दिली.

पाचव्या दिवशी सकाळी त्याला टॅक्सीत बसवून त्या दुकानात गेल्या. शेजारपाजारच्या दोघीतिघी फुटपाथवर थबकल्या. नवरा गेल्यावर इतक्या लवकर दुकान उघडलं, म्हणून कुजबुजल्या. मावशींनी शटर असं जोरात वर ढकललं की त्या दचकून मागे सरल्या.

"या ना आत," मावशी म्हणाल्या. "काही आवळायचंय, की सैल करायचंय?"

आत लाँड्रीवालीने रात्री आलेले कपडे टेबलावर आणून ठेवले होते. वरच एका सोहळ्याचा काळा कोट होता, बाही आखूड करायचा, दुपारपर्यंत हवा म्हणून चिठ्ठी लावलेला. मावशींनी चष्मा चढवला, दोरा ओवायला घेतला, आणि पहिल्याच फटक्यात ओवला गेला नाही म्हणून दोऱ्याला एक सणसणीत शिवी घातली.