नवव्या अध्यायाची यजमानीण

या, असं लांब बसू नका. चटईवर जागा पुष्कळ आहे. गोड गळ्याचे भन्ते देशना गायला बसले की माणसं गुडघ्यांनी पुढे सरकत जातात ना, तसेच सरका. डोनयांग गावातल्या एका हट्टी बाईची गोष्ट सांगायची आहे, आणि ती ऐकून तुम्ही रिकाम्या हातांनी उठणार नाही, एवढा शब्द देतो.

बुआखामने विहाराच्या फाटकाला आडवी बांधलेली दोरी एका हाताने उचलली आणि खालून आत शिरायला मान वाकवली. दुसऱ्या हातात तिची परडी होती. परडीत नव्वद मेणबत्त्या, करंगळीएवढ्या, तिने स्वतः वळलेल्या. अंगावर ठेवणीतलं रेशमी नेसण, खांद्यावरून तिरकं घेतलेलं पांढरं वस्त्र, केसांत ताजं फूल. तोंडावर मात्र काहीही बांधलेलं नव्हतं.

"मावशी, दोरी खाली ठेवा."

आवाज लामाईचा. गावची आरोग्य स्वयंसेविका. टेबलावर वही, ताप मोजायचं यंत्र, तपासणीच्या काड्यांचा खोका, आणि तोंडावर एकावर एक दोन मास्क. पहाटे विहाराला हजार भातगोळे वाहायची फेरी निघाली, तेव्हापासून ती या फाटकावरून हललेली नव्हती.

बुआखाम तिच्याशी सात महिने बोलत नव्हती. आजही बोलली नाही. ती दोरीशी बोलली.

"बाई गं दोरी, चौऱ्याहत्तर वर्षं या फाटकातून जाते आहे मी. तेव्हा तू कुठे होतीस?"

"काडी घातल्याशिवाय कोणालाही आत सोडत नाही," लामाई म्हणाली. "तालुक्याचा हुकूम आहे. आतल्या सगळ्यांनी घालून घेतली."

"दोरी, तुझ्या तालुक्याला सांग. मी कथा ऐकायला आलेय, नाक टोचून घ्यायला नाही."

चिंचेच्या झाडाखाली बुनथान आजोबा मांडी घालून शेवया ओरपत होते. मास्क हनुवटीखाली लोंबत होता. ते खोऽ खोऽ हसले.

"अगं घालून घे की! माझ्या नाकात घातली, पार वरपर्यंत. मेंदू काही सापडला नाही, म्हणून सोडून दिलं."

"तुमचा मास्क वर घ्या, आजोबा," लामाई म्हणाली.

"शेवया काय कानानं खाऊ? आणि मी सांगतो, ही निव्वळ सर्दी आहे. आमच्या म्हातारीलाही समजव जरा. दोन वर्षं घराची शिडी उतरली नाही ती. भाताची टोपली दोरीनं वर ओढून घेते. मला म्हणते, 'आधी अंघोळ करा, मग वर या.' लग्नानंतर सुद्धा मी इतक्या अंघोळी केल्या नव्हत्या!"

भोवतालची चारदोन माणसं हसली. बुआखाम हसली नाही. तिने दोरी सोडली, पण मागे सरली नाही.

त्या दिवशी दानी राजपुत्राची कथा चालू होती. तेरा अध्याय, एक हजार गाथा, आणि सगळ्या एकाच दिवसात गाऊन संपवायच्या. खंड पडला तर गावावर वर्षभर सावट, असं मानतात. प्रत्येक अध्यायाचं यजमानपण एकेका घराकडे असतं. अध्यायात जितक्या गाथा, तितक्या मेणबत्त्या घेऊन यजमानाने भन्तेंच्या समोर बसायचं, एकेक पेटवत जायचं, आणि शेवटी आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी ओतायचं. बुआखामच्या घराकडे कधीही यजमानपण नव्हतं. यंदा तिने भन्तेंच्या पायाशी बसून नववा मागून घेतला होता. आईचा अध्याय. राजपुत्र आपली दोन लेकरंही दान देऊन टाकतो, आणि रानातून फळं घेऊन परतलेली आई रात्रभर झाडाझाडाला विचारत फिरते, माझी मुलं पाहिलीत का. भन्ते सुनथोन तो अध्याय असा गात की दगडी पायऱ्यांना पाझर फुटावा.

बुआखामची लेक पिकुल गेल्या ऑगस्टमध्ये शहरातून आजारी माणसांच्या गाडीने आली, आणि गावापर्यंत पोचलीच नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यातून थेट स्मशानात. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, पांढऱ्या झग्यातल्या चार माणसांच्या हातांवर. ना रात्रभराची देशना, ना हातावर धागा, ना तोंडावर नारळाचं पाणी. बुआखाम धावली होती. वीस हातांवर एक बाई आडवी आली आणि तिने तिला कमरेला मिठी मारून धरून ठेवलं. ती बाई म्हणजे लामाई. धूर वर जाईपर्यंत तिने सोडलं नाही. त्यानंतर बुआखामने गावभर सांगितलं होतं, मास्क बांधणार नाही, सुई टोचून घेणार नाही, काडी घालू देणार नाही. न्यायचं होतं ते नेलंत, आता माझ्या वाटेला जाऊ नका.

कर्णा खरखरला. सभामंडपातून आवाज आला, भन्तेंचं भोजन आटोपलं आहे, थोड्या वेळाने नववा अध्याय सुरू होईल, यजमानांनी पुढे यावं.

बुआखामने परडी छातीशी धरली. घसा दोन दिवस खवखवत होता. मेण वितळवताना चुलीचा धूर गेला होता, दुसरं काय. तिने आवंढा गिळला, इकडेतिकडे पाहिलं, आणि सात महिन्यांनी लामाईकडे तोंड केलं.

"नगारखान्यामागे चल. आण तुझी काडी."

लामाई बघत राहिली.

"बघतेस काय? कोणी पाहता कामा नये. बाहेर आल्यावर मी म्हणेन, तू हरलीस आणि मला सोडलंस. कबूल?"

"कबूल," लामाई म्हणाली.

नगारखान्यामागे उन्हात कोंबड्या माती उकरत होत्या. बुआखामने मान मागे टाकली, डोळे घट्ट मिटले. काडी गेली आणि आली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलं नाही; काडीचं आहे असं समजायला हरकत नव्हती. लामाईने पट्टीवर थेंब टाकले, पट्टी दगडावर ठेवली, आणि चार पावलं मागे गेली.

"पंधरा मिनिटं."

"तोवर माझा अध्याय सुरू होईल."

"होणार नाही. भन्ते विडा खाल्ल्याशिवाय बसत नाहीत."

मग लामाईच म्हणाली,

"त्या दिवशी मी तुम्हाला धरलं. मास्क तुम्हाला नव्हता, मी मात्र दोन दोन घातले होते. घरी जाऊन चौदा दिवस पोरांच्या पानाजवळ बसले नाही."

"मी विचारलं का?"

"नाही विचारलं."

"मग सांगू नकोस."

लामाई वाकून पट्टीकडे पाहायला लागली आणि वाकलेलीच राहिली. बुआखामला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, पण वाकलेली पाठ दिसत होती.

"किती रेघा?"

"दोन."

बुआखाम दगडाजवळ गेली, पट्टी उचलून डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

"दुसरी घाल."

"घालते. पण रेघ बदलायची नाही, मावशी."

कोंबडी नगारखान्याच्या सावलीत शिरली. बुआखाम भिंतीला टेकली.

"गेल्या दोन दिवसांत कोणाबरोबर जेवलात? कोणाच्या घरी गेलात?"

"कोणाबरोबर जेवू? शेतातल्या खोपटात बसून मेणबत्त्या वळत होते. पिकुल गेल्यापासून माझ्या पानाला कोण बसतं?"

लामाईने खिशातून फोन काढला. तो तिच्या हातात तसाच राहिला.

"कळवलं की काय होईल?" बुआखामने विचारलं.

"रोगी फाटकापाशी निघाला काय, आत निघाला काय. गाडी येईल. विहार बंद होईल. कथा असेल तिथे थांबवावी लागेल."

"आठ अध्याय झालेत."

"हो."

"म्हणजे ती आई रानातच राहणार," बुआखाम म्हणाली. "मुलं परत मिळतात ती पुढे, शेवटच्या अध्यायांत. तिथवर कोणी जाणारच नाही. वर्षभर ती बाई रानात."



बुआखामने खांद्यावरचं पांढरं वस्त्र ओढलं आणि नाकातोंडावरून दोनदा घट्ट गुंडाळलं. आवाज कापडातून आला.

"वही काढ. लिही, तपासणीला नकार दिला. म्हणून आत सोडलं नाही."

"मी खोटं लिहू?"

"खोटं कसलं? सात महिने नकारच देतेय, गावाला विचार. तुझ्या नियमाचं काम काय? मी आत जाऊ नये, एवढंच ना? नाही जात."

"मावशी, औषध लागेल. संध्याकाळी मी बघायला येईन."

"ये. खोपटाच्या बाहेर उभी राहा. वीस हातांवर."

ती जायला निघाली, मग थांबली. परडी तिने दगडावर ठेवली आणि स्वतः मागे सरली. लामाईने कमरेची बाटली काढून परडीवर, मेणबत्त्यांवर, कडीवर बारीक फवारा मारला.

"मार, मार. पुण्यालाही अंघोळ घाल."

आणि मग नगारखान्याला वळसा घालून बुआखाम चौकात आली, ती अशी आली की शेवया खाणाऱ्यांचे हात जागीच थांबले. माणसांपासून लांब, पार कुंपणाच्या कडेला उभी राहून, कमरेवर हात ठेवून तिने हाक घातली.

"ऐका रे सगळ्यांनी! बुआखामच्या नाकात काडी घालणारी अजून जन्माला यायची आहे! नाही घालू देणार! ठेवा तुमचा विहार, ठेवा तुमची दोरी!"

"शाब्बास, बुआखाम!" बुनथान आजोबांनी मांडीवर थाप मारली. "पण अगं, तुझा अध्याय?"

"माझा अध्याय मी बघेन!"

"थांब, सायकलवरून सोडतो तुला. ऊन बघ केवढं आहे!"

ते उठून दोन पावलं पुढे आले. बुआखाम चार पावलं मागे गेली.

"लांब राहा, म्हाताऱ्या! एकटी आलेय, एकटी जाईन. आणि तो मास्क नाकावर घे. दात किडलेत ते दिसतात सगळ्या गावाला!"

लोक खो खो हसले. आजोबांनी नकळत मास्क वर ओढला. लामाई फाटकाशी वहीत काहीतरी लिहीत होती. तिची मान वर झाली नाही.

कापणी झालेल्या शेतांतून बुआखाम बांधाबांधाने चालत राहिली. ऊन टाळूत शिरत होतं. चिडलेल्या माणसाची चाल विहार दिसेनासा होईपर्यंत तिने सोडली नाही. खोपटात पोचल्यावर मात्र ती बांबूच्या फळ्यांवर बसली ती घरातली भिंत खचावी तशी बसली. मडक्यातलं पाणी वाटीत ओतून घेतलं. विहाराच्या खांबावरचा कर्णा इथवर ऐकू यायचा, वारा असला तर.

वारा होता.

भन्ते सुनथोन खाकरले. विड्याचा खाकरा, ओळखीचा. मग सावकाश आवाज आला.

"नववा अध्याय. यजमानीण बुआखाम. समोर आहेत का?"

कर्णा नुसता खरखरत राहिला. त्या खरखरीत कोणीतरी हसल्यासारखं वाटलं, कोणीतरी 'गेली ती' म्हटल्यासारखं. बुआखामने वाटी दोन्ही हातांनी धरली.

"आहेत, भन्ते," बाईचा आवाज आला. दोन मास्कांच्या आतून आलेला, दबका, तरी स्पष्ट. "मेणबत्त्या घेऊन बसल्या आहेत."

भन्तेंनी विचारलं,

"पुण्य कोणाच्या नावानं द्यायचं?"

"पिकुलच्या. त्यांच्या लेकीच्या."

"बरं," भन्ते म्हणाले. "पहिली पेटवा."

आणि त्यांनी गायला सुरुवात केली. आई फळांची टोपली घेऊन रानातून परत येत होती, वाट सापडत नव्हती, उजवा डोळा लवत होता. बुआखामने गुडघे दुमडले, पावलं मागे घेतली, विहार ज्या दिशेला होता तिकडे तोंड केलं आणि तोंडावरचं वस्त्र न सोडता हात जोडले. गाथेमागून गाथा, ती बोटं दुमडत होती. नव्वदावी संपली तेव्हा तिने वाटी तिरकी केली. पाणी फळ्यांच्या फटीतून खाली, तडकलेल्या जमिनीत गेलं.

तेरावा अध्याय दिवस मावळायच्या आत संपला. आईला मुलं मिळाली.

डोनयांगमध्ये अजून तिला हसतात. एका काडीपायी स्वतःचा अध्याय सोडून निघून गेलेली बाई म्हणतात. तीही त्यांच्याबरोबर हसते. तुम्ही या चटईवरून उठून घरी जाल आणि आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी ओताल, तेव्हा दोन थेंब मागे ठेवा. पिकुल नावाच्या एका मुलीसाठी. तिच्या आईला त्या दिवशी आत जाता आलं नव्हतं.