पाण्यातले वजन

मित्रांनो, शाळेच्या प्रयोगशाळेत खिळ्याला लटकलेली एक लांबट, चपटी पट्टी तुम्ही कधीतरी पाहिली असेल. वर कडी, खाली हूक, मध्ये अंक आणि त्यांच्यावर वरखाली सरकणारा काटा. तोच मी, एक तानकाटा. आता माझ्या कडेला गंज चढला आहे, अंकही पुसट झाले आहेत.

माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे. हुकाला काही अडकवले की ती ताणली जाते आणि किती ताणली ते काटा दाखवतो. एवढेच माझे काम. दूरच्या एका कारखान्यात मला बनवले आणि विज्ञानाच्या पेटीत घालून इकडे पाठवले. दिग्रसहून आर्णीला जाताना एका फाट्यावर उतरले की आमचे गाव लागते. तिथल्या शाळेत ती पेटी बरीच वर्षे कपाटाखाली पडून होती. मला वाटायचे, आपला जन्म अंधारातच जाणार.

मग बदली होऊन पूनमसिंग आडे सर आले. गावाजवळच्या तांड्यातले होते ते. त्यांनी पेटी उघडली, मला रुमालाने पुसले आणि घरून आणलेले शिलाई मशीनचे तेल माझ्या स्प्रिंगला लावले. दुसऱ्या दिवसापासून मी आठवीच्या वर्गात कामाला लागलो.

सर फळ्यावर फार लिहीत नसत. विटेला दोरी बांधून ते मला तिच्यात अडकवत आणि मुलांना ओढायला लावत. वीट आधी गोणपाटावर ओढायची, मग फरशीवर, मग साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या फरशीवर. गोणपाटावर माझी स्प्रिंग चांगली ताणली जाई. साबणाच्या पाण्यावर काटा जेमतेम हले.

"कायची पकड कमी झाली?" सर विचारत.

"घर्षणाची," वर्ग एका सुरात सांगे.

त्या वर्गात खुशी आणि वर्षा अशा दोन मैत्रिणी होत्या. वर्षा तांड्यातल्या रूपसिंगची मुलगी, काडीसारखी बारीक आणि बोलायला धीट. खुशी गावातली, अंगाने थोराड. मुले तिला 'पोतं' म्हणून चिडवत. ती हसून सोडून देई, पण बाकावर नेहमी कडेला, अंग चोरून बसे. मी भिंतीवर लटकलेला असल्यामुळे हे सारे मला दिसे.

एकदा सरांनी माझ्या हुकाला दगड बांधला आणि तो हळूहळू पाण्याच्या बादलीत सोडला. माझा काटा वर सरकला. दगड तोच होता, पण वजन कमी भरले.

खुशीने हात वर केला. ती फारसे प्रश्न विचारत नसे. "सर, बाकीचं वजन कुठी गेलं?"

"गेलं नाही बेटा, पाण्यानं उचलून धरलं," सर म्हणाले. "पाणी सगळ्यायलेच खालून वर रेटते. त्याले प्लावक बल म्हणतात. दगड असो का माणूस, पाणी पाहत नाही."

खुशीने तो दगड स्वतः बादलीत सोडून पाहिला. पुन्हा बाहेर काढला, पुन्हा सोडला. त्या दिवशी ती कडेला सरकून बसली नाही.

हिवाळ्यात द्रवाच्या दाबाचा धडा आला. सरांच्या डोक्यात आले की हे पुस्तकातून नको, डोळ्यांनी दाखवावे. गावाबाहेर पुंडलिकरावांच्या शेतात उंचावर एक शेततळे होते. शेततळे म्हणजे जमिनीत खोदलेला मोठा हौद. पाणी मुरू नये म्हणून त्याच्या चारी उतारांवर जाड काळे प्लास्टिक अंथरलेले असते. त्या तळ्यातून एक पाइप खालच्या तुरीपर्यंत गेला होता. त्याला वर एक कॉक होता आणि पार खाली दुसरा.

सर वर्ग घेऊन निघाले. त्यांच्या झोळीत मी होतो, दगड होता, एक छोटी बादलीही होती. पुंडलिकरावांनी वरचा कॉक सोडला. मुलांनी अंगठ्याने धार सहज दाबून धरली. मग तो बंद करून त्यांनी खालचा सोडला. ती धार दोन्ही तळहातांनी थांबेना. मुले नखशिखान्त भिजली. पुंडलिकराव म्हणाले, "सर, मी इतकी वर्सं पाणी देऊन राह्यलो, पण असं कधी पाह्यलं नाही." सरांचा चेहरा फुलून आला होता. तो चेहरा मी अजून विसरलो नाही.

जेवायच्या सुट्टीत सर मुलांना घेऊन वर तळ्याजवळच्या बांधावर बसले; पुंडलिकराव खाली तुरीतच थांबले. तळ्याकडे जायचे नाही, हे त्यांनी आधीच सांगितले होते. तळ्याला तारेचे कुंपणही होते, पण एका बाजूने ते रानडुकरांनी तोडले होते. खुशीची पाण्याची बाटली घरंगळत तिथूनच आत गेली आणि प्लास्टिकच्या उतारावर अडकली. अगदी हाताशी होती. खुशीने एक पाय उतारावर टाकला.

प्लास्टिकवर शेवाळ होते. ती ओरडलीसुद्धा नाही. घसरत गेली आणि पाण्यात दिसेनाशी झाली.

वर्षा किंचाळली. सर धावले. त्यांनी झोळी काठावर फेकली, मी अर्धा बाहेर आलो आणि पुढचे सगळे मला पाहावे लागले. सरांना पोहणे थोडेफार येत होते. त्यांनी उडी घेतली, खुशीला शोधले आणि खालून रेटून तिचे तोंड पाण्याबाहेर धरले. मग ते काठाकडे आले. पण काठ होता कुठे? हात टेकवला की निसटे, गुडघा टेकवला की निसटे.

"वर्षा, ओढण्या बांध," ते ओरडले. "गाठ पक्की मार."

मुलींनी गणवेशाच्या ओढण्या एकमेकींना बांधल्या आणि टोक पाण्यात फेकले. सरांनी ते खुशीच्या काखेखालून गुंडाळले. सगळा वर्ग मातीवर पाय रोवून ओढू लागला आणि खुशी वर आली. ती खोकत होती, थरथरत होती, पण श्वास घेत होती.

मग मुलांनी ओढणी सरांकडे फेकली. सरांनी ती धरली आणि वर चढायला जोर लावला. त्याच क्षणी सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या वर्षाचा पाय प्लास्टिकवर गेला. तिच्यामागची मुलेही पुढे ओढली जाऊ लागली. सर जेवढे वर यायला पाहत, तेवढी मुले खाली जात होती.

सरांनी वर पाहिले आणि ओढणी सोडून दिली.

"मांगं सरका पोरंहो," ते म्हणाले. "पुंडलिकरावले बलावा." आवाज वर्गात असतो तसाच होता.

एक मुलगा केव्हाच खाली धावला होता. पुंडलिकराव बैलगाडीचा दोर सोडून धापा टाकत आले. ते आले तेव्हा तळ्यात फक्त खुशीची बाटली तरंगत होती.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मी कसे सांगू? कोणीतरी झोळी शाळेत आणून ठेवली. गावात कोणी म्हणाले, सर देवमाणूस. कोणी म्हणाले, "पोरायले तिकडं नेलंच कायले?" वर्गाबाहेरचे प्रयोग बंद झाले, मग वर्गातलेही. विज्ञान शिकवायला नवे शिक्षक आले नाहीत. मुले धडा वाचत, प्रश्नोत्तरे उतरवत. प्रयोगांच्या खोलीला कुलूप लागले.

काही आठवड्यांनी सरांची आई, धुरपताबाई, मुलाच्या वस्तू न्यायला आली. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तिला छत्री, डबा आणि झोळी दिली. झोळीत मी होतो. म्हातारीने मला हातात घेतले, उलटून पाहिले.

"हे माह्या पूनमचं हाय का?"

"शाळेचं हाय, याडी," मोठ्या बाई म्हणाल्या. तांड्यात आईला याडी म्हणतात. "पण तुमाले पायजे असन तं न्या."

ती थोडा वेळ माझ्या हुकावरून बोट फिरवत राहिली. मग मला टेबलावर ठेवून म्हणाली, "राहू द्या. पोरायले लागन."

मोठ्या बाईंनी मला पुन्हा त्या खोलीत खिळ्याला लटकवले, पण मुलांना मी लागलो नाही. पावसाळा आला, भिंतीला ओल आली आणि माझ्या कडांवर गंज धरू लागला. खुशी शाळेत येत नव्हती. तिला मामाकडे महागावला ठेवले होते. ती कोणाशी बोलत नाही, जेवत नाही, असे मुली खिडकीबाहेर बोलत. वाळून अर्धी झाली, म्हणत.

पुढच्या वर्षी ती परत आली. एका दुपारी वर्षाने मोठ्या बाईंकडून किल्ली मागून घेतली आणि तिला खोलीत आणले. दोघी धुळीच्या बाकावर बसल्या. खुशी खरेच वाळली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले,

"वर्षा, सरायले मी जड झाली असन ना?"

"काहून असं म्हनतं?"

"त्यायनं मले खालून धरलं होतं. माह्या वजनानंच थकले ते. मले माहीत हाय. सगळे मले पोतं म्हनतच होते."

वर्षा उठली, हापशावरून बादली भरून आणली आणि माझ्या हुकाला दगड बांधला. मला तिने खुशीच्या हातात दिले. "सोड."

माझी स्प्रिंग गंजली होती. मला भीती वाटली की आज नेमका मी अडकून बसेन. खुशीने दगड खाली सोडला. पाणी दगडाला लागले आणि माझा काटा कुरकुरत वर सरकला.

"पाह्य," वर्षा म्हणाली. "आन् दगड तं बुडते. मानूस त्याच्याहून हलकं. तुह्यं तोंड तेवढं बाहेर होतं, बाकीचं पान्यानं धरलं होतं. सरायच्या हातावर तुह्यं वजन एवढंसं होतं. वर तं आमी वढलं तुले."

"मंग ते काहून नाही निघाले?"

"धरायले काही नव्हतं, खुशी. शेवाळाचं प्लास्टिक होतं. आमी वढून राह्यलो होतो, तं आमीच घसरलो. म्हनून त्यायनं सोडलं. मी पुढं होती. मले दिसलं, त्यायनं सोडलं."

खुशीने दगड पाण्यातच ठेवला. तिचे डोळे माझ्या काट्यावरून हलले नाहीत. मग ती रडू लागली. मुली सांगत, वर्षभरात ती एकदाही रडली नव्हती. वर्षाने तिला जवळ घेतले. मी तिच्या मुठीतच होतो.

त्या आठवड्यात दोघी मोठ्या बाईंना घेऊन पुंडलिकरावांकडे गेल्या. परत आल्यावर दोघी खोलीत बसून जे बोलल्या, ते मी ऐकले. पुंडलिकराव खुशीला पाहून अंगणातच खाली बसले. म्हणाले, "तळ्यावर दोर होता पोरी. बैलाले लागते म्हनून मीच सोडून नेला होता." कुंपण त्यांनी नवे केले आहे. आता तळ्याच्या चारी बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर पाण्यापर्यंत सोडले आहेत आणि धरून तरंगता यावे म्हणून बुचे घट्ट लावलेल्या मोठ्या रिकाम्या कॅन काठावर बांधून ठेवल्या आहेत.

मुली गावातल्या इतर तळ्यांवरही गेल्या. काहींनी दोर बांधले. काहींनी चहा पाजला आणि उद्या बांधतो म्हणाले. एक जण म्हणाला, "आमच्या तळ्यात कोन पडते?"

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूंनी शेवटी म्हणायचे असते, आम्हाला जपा, आमची धूळ पुसा. मलाही तेल मिळाले तर आवडेल. पण मला नाही मिळाले तरी काही बिघडत नाही. तुमच्या गावात शेततळे असेल. ते कोणाचे आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. आज शाळा सुटली की त्यांच्या घरी जा आणि काठावर दोर आहे का, ते विचारा. उद्या म्हणाले, तर उद्या पुन्हा जा.