अर्ध्यात ठेवलेलं पुस्तक

दीक्षितपुऱ्यातल्या मंदिराच्या वरच्या खोलीत दर शनिवारी मी या हिंदी मुलखातल्या मराठी मुलांसाठी पुस्तकं मांडून बसते. शिकवणी नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. हवं ते उचलावं आणि वाचावं, एवढंच. मुलं सतरंजीवर लोळत वाचतात, मध्येच हिंदीत भांडतात.

प्रणोती मात्र दिवाळीपासून एकाच जाड पुस्तकाला अडकली होती.

"दीदी, ही अजून त्याच गुहेत बसून राहिली," तनय म्हणाला. "अब तो डाकू भी घर चले गए!"

सगळे खिदळले. प्रणोती खिडकीबाहेर बघत राहिली. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"आवडत नाही का ग?"

"बिलकुल नाही."

"मग ठेवून दे. दुसरं घे."

ती दचकली. "अर्ध्यात? दोष लागेल ना! आई म्हणते, एकदा हातात घेतलं की संपवायचंच. पोथीसारखं."

तेव्हा कुठे मला उलगडलं. तिच्या आईच्या, विनताच्या घरी पारायण कधी खंडित होत नाही. पोरीने तोच नियम डाकूंच्या गोष्टीलाही लावला होता. मी पुन्हा सांगितल्यावर तिने ते पुस्तक कपाळाला लावलं आणि फळीवर ठेवलं.

पुढच्या शनिवारी तिच्यासोबत विनताच जिना चढून आली.

"ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. उद्यापन झाल्याशिवाय तुम्ही एक व्रत सोडत नाही, अन् माझ्या पोरीला काहून अर्ध्यात सोडायला शिकवून राहिल्या? आज पुस्तक सोडलं, उद्या अभ्यास सोडेल. आजपासून मी तिला नाही पाठवणार."

आवाज चढवणं मला जमत नाही, पण मागे हटायचं नाही हे मनाशी पक्कं होतं.

"बस, विनता. व्रत घेताना मी हातात पाणी घेऊन देवासमोर संकल्प सोडते. तो मी मोडणार नाही. पण गोष्ट उघडताना कोणी संकल्प सोडतं का?"

"म्हणजे थोडं वाचायचं अन् फेकायचं?"

"फेकायचं नाही, ठेवायचं. दिवाळीपासून तिने दुसरं काही वाचलं नाही, अन् हेही वाचलं नाही. तुझा नेम पाळला गेला, पोरीचं वाचन तेवढं राहून गेलं."

"अन् दोष लागला तर?"

"माझ्या नावावर. एक उपास वाढवीन."

"दीदी, मग मी पण चार सोडतो!" तनय ओरडला.

"खुशाल सोड. पाचवं उचल."

विनता हसली नाही. "चल ग," म्हणाली.

प्रणोती उठली नाही. आमचं बोलणं चालू असताना तिने एक पातळ पुस्तक चाळून ठेवलं होतं आणि आता दुसऱ्यात डोकं घातलं होतं.

"प्रणोती!"

"एक मिनिट, आई. यांचा हत्ती हरवला."

विनता तशीच उभी राहिली. मग पिशवी मांडीवर घेऊन सतरंजीच्या कडेला टेकली. बऱ्याच वेळाने प्रणोती पुस्तक घेऊन तिच्यापुढे आली.

"हे घरी नेऊ?"

"संपवशील?"

प्रणोतीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून पुस्तकं लावत राहिले. हे उत्तर तिचं तिनेच द्यायला हवं होतं.

"आवडलं तर," ती म्हणाली.

विनताने पिशवीचं तोंड उघडून धरलं.

"टाक यात. पानं दुमडू नको."